दहाच्या आधीची मंजू

पौषातली कोवळी उन्हं छावणीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पूर्वेच्या खिडकीतून तिरपी उतरतात, तेव्हा माझी धाकटी बहीण मंजू फरशीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत असते, आणि तिच्या उजव्या कानामागची जागा मोकळी असते. केसांखाली, पाच वर्षांची असताना पडलेल्या टाक्यांचा पुसट व्रण आहे. ऐकण्याचं मशीन मात्र फडताळात, ओल शोषून घेणाऱ्या गोळ्यांच्या डबीत झाकण लावून ठेवलेलं. बाहेरून लष्कराचे ट्रक जातात, शेजारीण मिक्सर लावते, मी दारातून तिसऱ्यांदा हाक मारते. यातलं काही म्हणजे काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पण मी चप्पल काढून आत दोन पावलं टाकली, की जमिनीला टेकलेल्या तिच्या तळव्यांना काय कळतं कोण जाणे, ती मान वर करते आणि हसते. दहा वाजता ती गुलमंडीत कामाला निघते, तेव्हा कुठं ते मशीन कानामागं चढतं.

तिचं हे दहाच्या आधीचं रूप मला कधी सहन झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या श्रवणासाठी आईनं फुलंब्रीचं घर, शेत आणि वडिलांना मागं ठेवून शहरात भाड्याची खोली केली, ज्याच्यासाठी पुण्याला ऑपरेशन आणि मग वर्षानुवर्षं वाचा शिकवण्याचे वर्ग झाले, ते सगळं बाईसाहेब खुशाल डबीत घालून ठेवतात, याचा मला संताप यायचा. दैव देतं आणि कर्म नेतं, असं एकदा मी तिला तोंडावर म्हटलंसुद्धा. मशीन डबीतच होतं, पण तिनं ते वाक्य माझ्या ओठांवरून नेमकं वाचलं आणि शेंगांची टोपली माझ्यापुढं सरकवली. मी मुकाट्यानं सोलायला बसले.

नादाशी तिचं वैर आहे असं मात्र नव्हे. गुलमंडीतल्या एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत ती ब्लाऊजवर आरीची नक्षी भरते. ताणलेल्या कापडातून आरीची आकडेदार सुई आरपार जाताना जो बारीकसा टक् आवाज होतो, तो तिला मनापासून आवडतो. बरोबरच्या बायका हसल्या की ती क्षणभर उशिरा हसते, आणि या उशिराची तिला लाज नाही. लहानपणी मशीन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा माणसांचं बोलणं रिकाम्या डब्यात हरभरे हलवावेत तसं ऐकू यायचं, असं तिनं मोठेपणी सांगितलं. त्या खडखडाटातून तिनं एकेक शब्द वेचून काढला, दहावी झाली, हाताला काम मिळवलं. वरातीत बँड वाजू लागला की मात्र ती शांतपणे मशीन काढून पर्समध्ये टाकते. संध्याकाळी डोकं ठणकलं तरी तेच करते.

आणि रविवारी तर ते लागतच नाही. तिचा नवरा अनिल जन्मतः बहिरा. त्यानं मशीन कधी लावलेलं नाही. त्याचे मित्र, त्यांच्या बायका, असे दहा-पंधरा जण छावणीच्या बाजारातल्या चहाच्या टपरीपाशी जमतात, आणि मग नुसते हात बोलतात. पेल्यांचा किणकिणाट तेवढा उठतो. आमच्यात जी मंजू शब्द जपून जपून उच्चारते, तीच तिथं चपळ, वाह्यात आणि नकलाकार होते. माझी नक्कल तर ती फार छान करते असं ऐकून आहे. त्या घोळक्यात मी गेले की बहिरी मी असते.

ओवी दीड वर्षाची झाली, आणि त्या दोन खोल्यांतली हवा बदलली. मंजूची ही लेक थाळी आपटली तरी दचकत नव्हती; तपासण्या झाल्या, आणि तिलाही ऐकू येत नाही हे पक्कं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं तर दोन वर्षांच्या आत करा, नंतरचा प्रत्येक महिना वाया जातो. त्यांनी तारीख दिली आणि तिसऱ्या सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायला सांगितलं. अनिलनं हातांनी मंजूला म्हटलं, की मी एकच जग पाहिलंय, तू दोन्ही पाहिलीस, तूच ठरव. त्यानंतर पंधरा दिवस मंजू या विषयावर चकार शब्द बोलली नाही. एका गिऱ्हाइकाच्या बाहीवर भरत आणलेला आख्खा मोर तिनं उसवून टाकला आणि पुन्हा भरायला घेतला.

मी रोज जाऊन तिचा चेहरा वाचायचे, आणि तो वाचता यायचा नाही. ती नाही म्हणेल, या धास्तीनं माझी झोप उडाली होती. त्या धास्तीत सगळी ओवीच होती असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तिनं नकार दिला असता, तर आईची आणि माझी ती सगळी वर्षं चुकीची ठरली असती, आणि मला ते नको होतं.

रविवारी आई फुलंब्रीहून आली. माझ्या घरी आम्ही जमलो, ओवी माझ्या मांडीवर होती, अनिल खिडकीशी बसला होता. मंजूनं त्या दिवशी रविवार असूनही आईसाठी मशीन लावलं होतं. आईनं चहासुद्धा घेतला नाही, सरळ विषयालाच हात घातला.

"लेकराला कान मिळतेत, माय. मग अडलंय कुठं?"

"ऑपरेशनचं नाय अडलं," मंजू म्हणाली. तिचा आवाज सपाट असतो, शेवटचं अक्षर जरा गिळलेलं. "पुढचं अडलंय."

पुढचं म्हणजे काय, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. मंजूच्या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी नियम घालून दिला होता: मुलीला ओठ वाचू द्यायचे नाहीत, कानांनाच कामाला लावायचं. म्हणून आई आणि मी बोलताना तोंडापुढं तळहात धरायचो. जेवताना, वेणी घालताना, भांडतानासुद्धा. आणि तिनं खूण करायला हात उचलला, की आम्ही तो खाली धरायचो. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि नियम पाळण्यात आईच्याही वरताण होते. एका उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या समोर ठेवून, ती तोंडानं पाणी म्हणेपर्यंत मी तिला तहानलेली बसवली होती. शेवटी ती म्हणाली, आणि मला केवढा अभिमान वाटला.

"तुझं केलं तसंच करायचं की," आई म्हणाली. "लई सोपं हाय." आणि दाखवण्यासाठी ती ओवीकडं वळली, तळहात तोंडापुढं धरला आणि हाक मारली, ओवी, ए ओवी. ऑपरेशन नाही, मशीन नाही, आजवर एक स्वरही जिच्यापर्यंत गेलेला नाही अशा त्या पोरीपासून आईनं जे काय दिसलं असतं तेवढंही झाकून घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वीची सवय. तिचं तिलाही कळलं नाही. ओवीनं त्या तळहाताकडं टक लावून पाहिलं. मग स्वतःचा चिमुकला हात उचलला आणि स्वतःचंच तोंड झाकलं.

मंजू उठली. तिनं आधी आईचा हात धरून खाली घेतला, मग ओवीचा.

"माझ्या लहानपणची तू आठवतीस तवा डोळे आठवतेत," ती आईला म्हणाली. "तोंड आठवत नाय. ताईचं बी नाय."

आईनं डोळे भरून आल्यावर पदर तोंडाशी नेला, आणि लगेच खाली घेतला. मंजूनं तिचे ओठ नीट पाहून घेतले. मग एकेक शब्द ठेवत तिनं सांगितलं, "ऑपरेशन करायचं. पन हिच्यापुढं कुणी तोंड झाकायचं नाय, अन् हिचे हात धरायचे नाय. मशीन लावायचं का डबीत ठेवायचं, ते मोठी झाल्यावर तिचं ती बघंल." एवढं बोलून ती अनिलकडं वळली आणि तेच सगळं हातांनी पुन्हा म्हणाली. त्यानं मान हलवली. सोमवारी होकार गेला.

आता ऑपरेशन होऊन गेलंय. ओवीच्या कानामागची जखम भरते आहे, मशीन सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. मी सकाळी दहाच्या आधी जाते. अनिल मला खुणा शिकवतो. चाळिशीत बोटं वळत नाहीत, आणि माझ्या चुका बघून तिघंही पोट धरून हसतात. माझा चेहरा ओवीला लख्ख उन्हात दिसतो, नाकाशेजारच्या सुरकुत्यांसकट, आणि तो ती निरखून बघते. शेंगा सोलता सोलता कधी मंजूची नजरही माझ्या ओठांवर येऊन थांबते. ती मला काही विचारत नाही. काळानं नेलेली माणसं निदान कुणाच्या आठवणीत तरी उरतात, असा माझा समज होता. पंधरा वर्षांची मी तिच्यासमोर रोज तळहाताआड तोंड लपवून बसत होते, आणि तरी मंजूनं त्या मुलीला कधी पाहिलंच नाही.