अधिक तीन

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनाराचा नाजूक काटा असो की गोदामातला पोत्यांचा, लोक त्यावर वस्तू ठेवतात, आकडा वाचतात आणि निघून जातात. मी आधी काट्यावरच संशय घेतो. पेटीतलं माझं पितळी वजन चिमट्यानं उचलून त्यावर ठेवतो, आणि ते बरोबर दिसलं तरच पुढचं बोलतो. प्रत्येक काट्यात थोडा दोष असतोच. काही दोष निघतात, काही जन्माला चिकटलेले असतात. न निघणारा दोष किती आणि कोणत्या बाजूला, ते मी कागदाच्या पट्टीवर लिहून काट्याच्या मागे चिकटवतो. अधिक दोन, उणे एक, असं. गिऱ्हाईक आकडा वाचतं आणि पट्टी बघून तेवढं मिळवतं किंवा वजा करतं.

बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशी माझ्याही पाठीवर पट्टी चिकटवली असेल तुम्ही. मला दिसत नाही एवढंच."

ती वाचनालयात नोकरीला होती. तीस वर्षं लोकांना हळू बोला म्हणून दटावलं आणि घरी आल्यावर त्या तीस वर्षांचं सगळं बोलून घेतलं. तिच्यापुढे मी हात टेकले होते. जेवताना ती बोलायची, झोपताना बोलायची, मी उत्तर दिलं नाही तर माझ्या वाटचंही बोलायची.

बुधवारी तिला ताप आला. गुरुवारी तपासणी झाली, शुक्रवारी सकाळी निकाल आला: कोविड आहे. आमच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांच्या दवाखान्यातला वजनाचा काटा गेली वीस वर्षं माझ्याच हातचा, त्यामुळे ते माझ्याशी घाईत बोलत नाहीत.

"ताप किती? धाप लागते का? चालताना दम?" त्यांनी विचारलं. धाप नव्हती, दम नव्हता.

"मग सौम्य आहे. घरीच ठेवा. तापाला पॅरासिटामॉल, पाणी भरपूर, विश्रांती. बाकी फोनवर लोक काय काय पाठवतील, ते काही देऊ नका. बोटाला लावायचं यंत्र आणा आणि दिवसातून तीनदा ऑक्सिजन बघा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर विचार करत बसू नका, सरळ हॉस्पिटल."

मी फोन ठेवला तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती. दीड महिन्यापूर्वी तिची थोरली बहीण हॉस्पिटलात गेली होती. दारापाशी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं, आणि त्यानंतर आम्हाला ती फक्त फोनच्या पडद्यावर दिसली, तीही दोनदा. तिसऱ्यांदा फोन आला तो बातमीचा.

"मला तिथे पाठवू नका," ती म्हणाली. "इथे काय व्हायचं ते होऊ दे."

"अगं, सौम्य आहे म्हणाले ते."

"तरीपण. आधी शब्द द्या."

"चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तरच. नाहीतर नाही."

तिनं जरा विचार केला आणि मान डोलावली. आमच्यात ठरलं ते एवढंच. पुढचे आठ दिवस त्या एका आकड्यावर आमचं घर उभं होतं.

औषधांच्या दुकानात शटर अर्धं ओढलेलं. त्याखालून एका हातानं पैसे घेतले, एका हातानं यंत्र दिलं. कपड्यांच्या चिमट्याएवढं प्लॅस्टिकचं डबडं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: हे खरं बोलतं कशावरून? ऑक्सिजनचं पितळी वजन काही माझ्या पेटीत नव्हतं. मग मी माझंच बोट घातलं. वर्षभरापूर्वी माझं छोटंसं ऑपरेशन झालं तेव्हा तिथल्या मोठ्या यंत्रावर माझा आकडा नव्व्याण्णव होता. तो मी लक्षात ठेवला होता, आकडे माझ्या लक्षात राहतात. मी विडी ओढत नाही, जिने चढतो, मला काही झालेलं नव्हतं. नाक जरा जड होतं, पण पितळ घासायच्या पावडरीनं ते जडच असतं.

यंत्रानं शहाण्णव दाखवलं. हात बदलला, बोट बदललं, तरी शहाण्णवच.

म्हणजे यंत्र तीन कमी दाखवतं. मी पट्टी कापली, "अधिक तीन" लिहिलं आणि यंत्राच्या मागे चिकटवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सगळं जग घाबरून त्या आकड्यांकडे बघत होतं आणि मला त्यातली खोड सापडली होती.

"झालं का तुमचं सुरू," ती म्हणाली. "आता माझ्या बोटावर सरकारी शिक्का मारा म्हणजे झालं."

तिचं बोट घातलं. शहाण्णव. मी सांगितलं, नव्व्याण्णव.

फोन तर दिवसभर चालू होते. कोणी कांदा उशाशी ठेवायला सांगत होतं, कोणी लसूण चघळायला. माझ्या मेहुण्यानं तर ताप आल्यावर गार पाण्यानं अंघोळ करा म्हणून सांगितलं. तो जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आलेला. मी कोणाचंच ऐकलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळलं. गोळीची वेळ चुकवली नाही. पाण्याच्या बाटलीवर खुणा केल्या, किती प्यायली ते कळावं म्हणून. खिडकी उघडी ठेवली. मेहुण्याला हसायचा मला पूर्ण हक्क होता असं मला वाटत होतं.

लेक दुसऱ्या गावी. रस्ते बंद, येता येत नव्हतं. ती रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "बाबा, किती?" मी आकडा सांगायचो, ती वहीत लिहून घ्यायची. शनिवार-रविवार अठ्ठ्याण्णव. सोमवारी सत्त्याण्णव. हे सगळे मिळवलेले आकडे. न मिळवता काय आहे ते तिनं कधी विचारलं नाही, कारण मिळवतात हेच तिला माहीत नव्हतं.

रोज सकाळी मी आधी माझं बोट घालून यंत्र तपासायचो. रोज शहाण्णव. ज्या काट्याचा दोष रोज तेवढाच राहतो तो काटा भरवशाचा, असा आमच्या धंद्यातला हिशोब. त्यामुळे माझी तर खात्रीच पटत गेली.

मंगळवारी यंत्रानं तिचे ब्याण्णव दाखवले. मी तीन मिळवले आणि पंचाण्णव सांगितले. सांगण्याआधी पट्टी दोनदा वाचली होती.

त्याच दुपारी ती वाचनालयातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती. पुस्तकात खूण म्हणून मोजा ठेवणारा म्हातारा. "एकदा तर त्यानं," ती म्हणाली आणि थांबली. श्वास घेतला. "दोन्ही मोजे ठेवले." आणि हसली. मीही हसलो. ती वाक्य मधे तोडून कधीच बोलत नसे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी ते ऐकलं, आणि तापानं थकवा आला असेल म्हणून सोडून दिलं.

बुधवारी एक्क्याण्णव. मी सांगितलं, चौऱ्याण्णव.

लेकीनं त्या दिवशी फोनवर आईशी बोलून घेतलं आणि मग मला म्हणाली, "बाबा, तिचा आवाज मला बरा वाटत नाही. मी गाडी बोलावू का? इथून फोन करून सोय होते."

"चौऱ्याण्णव आहे," मी म्हणालो. "खाली गेलं की नेऊच. उगाच नेऊन तिथे एकटीला टाकायचं का? मावशीचं आठवतं ना?"

तिनं आकडा वहीत लिहून घेतला. मावशीचं नाव काढलं की आमच्या घरात सगळेच गप्प व्हायचे. मला ते माहीत होतं.

गुरुवारीही एक्क्याण्णवच. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "किती आहे हो?" चष्मा कपाटावर होता आणि यंत्राचा पडदा मी माझ्याकडे वळवून धरलेला.

"चौऱ्याण्णव."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

शुक्रवारी सकाळी अठ्ठ्याऐंशी. आता तीन मिळवूनही पुरत नव्हते. मी गाडी बोलावली. तिला जिन्यानं उतरवताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. तिथे नेतोय म्हणून ती मला काही बोलेल असं वाटलं, पण ती काहीच बोलली नाही. बोलायला तिच्यात श्वासच उरला नव्हता.

हॉस्पिटलच्या दारात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या नर्सनं तिच्या बोटाला त्यांचं यंत्र लावलं. शहाऐंशी. मी खिशातून आपलं यंत्र काढलं आणि तिच्या शेजारच्या बोटाला लावलं. हे मी का केलं ते मला सांगता येणार नाही. दोन काटे समोर आले की ते शेजारी शेजारी ठेवायचे, ही हाताची सवय. दोन्ही पडदे एकदमच उजळले. शहाऐंशी आणि शहाऐंशी.

"आजोबा, घरी किती होतं?" नर्सनं विचारलं.

मी आपलं यंत्र बायकोच्या बोटावरून काढायला गेलो. तोवर तिनं माझ्याही बोटाला यंत्र लावलं होतं. शहाण्णव. "तुम्हालाही असणार," ती सहज म्हणाली. "तुमचीही तपासणी करून घ्या." केली. मला होता. मी मापाचं वजन म्हणून स्वतःला वापरलं, आणि ते वजनच खोटं होतं. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

बायकोला आत नेलं. नऊ दिवस ती तिथे होती आणि दहाव्या दिवशी गेली. पडद्यावर मला ती एकदा दिसली. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तिला बोलता आलं नाही. बोलून बोलून माझे कान किटवणारी ती, माझ्याकडे नुसती बघत राहिली.

रस्ते उघडल्यावर लेक आली. दार उघडल्याबरोबर गळ्यात पडून रडली. नंतरचे दिवस फोन येत राहिले, आणि प्रत्येकाला ती तेच सांगायची: "बाबांनी काही कमी केलं नाही. गुरुवारपर्यंत चौऱ्याण्णव होतं. एका रात्रीत घसरलं." लोक मला फोनवर घेऊन म्हणायचे, तुमच्यासारखं कोण करतं. मी हं म्हणायचो. माझ्याच्यानं दुसरं काही म्हणवत नव्हतं. मनातून मी भित्रा आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पण चौथ्या दिवशी दुपारी लेक वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेली दिसली. आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवत होती. ताटातलं तसंच पडलेलं. चारही दिवस ती नीट जेवली नव्हती.

"बाबा, माझंच चुकलं," ती म्हणाली. "बुधवारी तिला मी अर्धा तास बोलायला लावलं. तिला दम लागत होता, तरी मी फोन ठेवला नाही. आकडे तर चांगले होते. मग असं एकदम कसं घसरेल? मीच तिला दमवलं."

"तसं काही नसतं."

"मग काय असतं? तुम्ही सांगा ना. रोज हे आकडे बघते मी. दुसरं कारणच सापडत नाही."

सापडणार कसं? ते वहीत नव्हतंच. गप्प राहिलो असतो तर लेक माझीच राहिली असती, आणि आईला आपण मारलं असं समजत जन्म काढला असता. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"यातल्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा कर," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. माझं बोट, शहाण्णव, नव्व्याण्णव, पट्टी. शेवटी हॉस्पिटलच्या दारातले दोन पडदे. काही राखून ठेवलं नाही. तिच्या आईला तिथे पाठवायचं नव्हतं म्हणून मला तो दोष हवाच होता, हेही सांगितलं. कारण तेही खरं होतं.

तिनं पेन घेतलं आणि एकेका आकड्याखाली दुसरा आकडा लिहीत गेली. मंगळवारपाशी थांबली.

"म्हणजे मंगळवारीच न्यायला हवं होतं."

"हो."

"बुधवारी मी गाडी बोलावत होते."

"हो."

"आणि तुम्ही मला मावशीची आठवण करून दिलीत."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. तिनं डोकं बाजूला घेतलं, अगदी थोडंसं. मी हात मागे घेतला.

तिनं पेनाला टोपण लावलं. मग वर न बघता विचारलं, "आईला माहीत होतं का? तुम्ही मिळवताय ते?"

"पट्टी तिनं बघितली होती. थट्टाही केली. नंतर ती विचारायची, किती आहे, आणि मी सांगायचो."

"मग ती काय म्हणायची?"

"बरं म्हणायची," मी म्हणालो.