डाव्या पंखाखालचा ओघळ

"माझ्या विमानाला कोणी हात लावला?"

इन्स्पेक्टर संध्याकाळचं फिरून आले आणि थेट विमानाच्या खोलीत डोकावले होते. चप्पल काढायच्या आधी प्रश्न आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कोणाला पडलंय तुमच्या विमानाचं!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा मला परवानगी लागते."

"मी जाताना डाव्या पंखाखाली रंगाचा ओघळ होता. आता नाही."

"ओघळ आला म्हणून कुरकुर, गेला म्हणूनही कुरकुर. करावं तरी काय माणसानं?"

"ओघळ आपणहून जात नाही."

याबाबतीत त्यांचा शब्द प्रमाण होता. इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं रंगवलेली पाती तपासली. पात्यावरचा ओघळ त्यांना दहा फुटांवरून दिसे, आणि दिसला की बरं वाटे. निवृत्तीनंतर त्यांनी आठ महिने खपून हलक्या लाकडाचं विमान घडवलं. आता रंगकाम चालू होतं: सगळीकडे सायीचा रंग, आणि शेवटी नाकापासून शेपटीपर्यंत एक लाल रेघ.

रविवारी मुलगी येणार होती. विमान त्याच्या आत व्हायला हवं होतं. मागच्या खेपेला तिनं त्यांच्या बशीत सांडलेला चहा पाहिला होता आणि "बाबा, हात डॉक्टरांना दाखवू या" म्हणाली होती. "विमान पुरं होऊ दे," इन्स्पेक्टर म्हणाले होते, "मग बघ माझा हात." तेव्हापासून ते विमान कमी आणि वैद्यकीय दाखला जास्त होतं.

पहिला संशय मेहुण्यावर गेला. तो रोज संध्याकाळी सकाळचं वर्तमानपत्र वाचायला येई. यात त्याचा हेतू काय, हे कळत नव्हतं. पण त्याचा हेतू कधीच कळत नसे.

"दाजी, तुमच्या रंगाच्या वासानं मला शिंका येतात. मी कशाला मरायला जातोय तिकडे?"

"शिंका येतात याला पुरावा?"

"काढून दाखवू का एक?"

इन्स्पेक्टरांनी पॉलिश पेपरच्या तुकड्यांवर पेन्सिलीनं नंबर टाकले आणि दाराच्या मुठीला पावडर लावली. दुसऱ्या दिवशी फिरून आले तर मूठ स्वच्छ पुसलेली, चार नंबरचा तुकडा झिजलेला, आणि शेपटीवरचा ओघळही गेलेला. घासकाम पाणी लावून, लाकडाच्या लांबीनं, सबुरीनं केलेलं. कुठे ओरखडा नाही. काम त्यांच्यापेक्षा सरस होतं, त्यामुळे संशय आणखी बळावला. चांगलं काम करून कोणी लपवत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

तिसऱ्या दिवशी ते फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरूनच परतले. स्वतःच्याच घरात, चपला हातात घेऊन, चोरपावलांनी.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बायको टेबलाशी बसली होती. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर विमान, शेजारी वाटीत पाणी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ती पंख घासत होती आणि विमानाशी बोलत होती.

"इथेही हात थरथरलाय. बघ, इथेही. येऊ दे रविवारी पोरीला. बोलायला जागाच ठेवत नाही तिला."

इन्स्पेक्टर आत गेले नाहीत.

कारखान्यात एक रंगारी होता. सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्या पात्यांवर ओघळ यायला लागले तेव्हा इन्स्पेक्टरांनी कार्डावर तीनच शब्द लिहिले होते: 'हात स्थिर नाही.' मामाला फाटकावर बसवलं. तो रोज सकाळी डाव्या हातानं सलाम करी. उजवा खिशात असे. त्याचं कारण इन्स्पेक्टरांनी कधी तपासलं नव्हतं.

ते पुन्हा बाहेर गेले. दार ओढून घेतलं, खोकले, बेल वाजवली आणि वाट पाहिली. जरा जास्तच वाट पाहावी लागली. बायकोनं ओल्या हातांनी दार उघडलं.

"भांडी घासत होतीस?"

"मग काय, विमान चालवत होते?"

तिच्या चष्म्यावर सायीच्या रंगाची भुकटी होती. इन्स्पेक्टरांनी ती नीट पाहिली.

"बरं," ते म्हणाले. एकतीस वर्षांत असा माल त्यांनी पहिल्यांदाच पास केला.

शनिवारी संध्याकाळी लाल रेघ उरली. चिकटपट्टी लावली तर खालचा ताजा रंग सोलून निघणार. चुकली तर घासायची सोय नाही. घासलं की साय जाणार. इन्स्पेक्टर ब्रशकडे बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी हाक मारली.

"अगं, जरा ये. मला नीट दिसत नाहीये. रेघ तू काढ. मी दिवा धरतो."

"चष्मा तर गेल्याच महिन्यात बदललाय तुमचा."

"मग चष्मेवाल्यावर संशय घे. माझ्यावर कशाला?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि ब्रश घेतला.

"उद्या पोरगी विचारेल, कोणी रंगवलं म्हणून," ती नाकापाशी ब्रश टेकवत म्हणाली.

"खरं ते सांग. आणि म्हणावं, घे डॉक्टरांची वेळ."

ब्रश थांबला.

"थांबू नकोस. जोड दिसेल."

त्यांनी दिवा दोन्ही हातांनी धरला होता. तरी भिंतीवर पंखांची सावली फडफडत होती. टेबलावर विमान जागचं हललं नाही, आणि रेघ नाकापासून शेपटीपर्यंत सरळ गेली.