तीन नंबरची घंटा

घोडेगावच्या अलीकडं सरकीचं तेल काढायची एक मिल होती. आसाराम तिथला वायरमन. मिलच्या चारी गोदामांत एकेक आगीची घंटा आणि एकेक कळ होती, कुठलीही कळ दाबली की सगळ्या घंटा वाजायच्या. त्यांची वायर त्यानं चारी गोदामांतून फिरवून गोल आणली आणि दर गोदामाच्या दोन्ही अंगांना लाइन तोडायचा एकेक खटका बसवला. एका गोदामात बिघाड झाला तर तेवढंच तोडायचं, बाकीच्या घंटा चालू. "एवढा उपद्व्याप कशाला?" मॅनेजरनं विचारलं. आसाराम म्हणाला, "एकाचं दुखणं चौघांना नको, साहेब."

साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. खंडेनवमीला सकाळी त्यानं घंटा वाजवून बघितली तर मेली मुकीच. तीन नंबरच्या गोदामात उंदरानं वायर कुरतडली होती, दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यानं तिथले दोन्ही खटके ओढले तशा बाकीच्या तिन्ही घंटा वाजायला लागल्या. आता हातभर वायर बदलली की झालं. पण पक्कड, पेचकस, टेस्टर, सगळं त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, पहाटेच पूजेत मांडलेलं. मांडलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उचलल्याबिगर हातात धरत नाहीत. बापजाद्यांची रीत, ती मोडायची कुणी? एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून त्यानं ते काम दसऱ्यावर ढकललं.

दुपारी त्याची लेक मनकर्णा शेजारच्या बनुबाईबरोबर तीन नंबरकडं निघालेली दिसली. मुकादमानं बायकांना बारदान झटकून घड्या घालायला बोलावलं होतं. सण असला म्हणून काय झालं, दुष्काळात हातचं काम कोण सोडतंय? आसारामच्या अगदी ओठावर आलं, की पोरी, तिथली घंटा बंद हाय, आग लागली तर सरळ बाहेर पळ. पण सणासुदीला आगीचं नाव काढायचं, तेही पोटच्या पोरीपुढं? अभद्र बोलू नये म्हणतात. त्यानं शब्द गिळला.

"लवकर ये गं घरी," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी गोदामाच्या उंबऱ्यातल्या पूजेच्या दिव्यावर बारदान घसरलं. तेलानं माखलेलं बारदान ते, भडकायला कितीसा वेळ लागणार? धूर छपराबाहेर आला तेव्हा कुठं दोन नंबरच्या हमालाला दिसला, त्यानं तिथली कळ दाबली आणि तिन्ही घंटा खणखणल्या. माणसं पाणी घेऊन धावली. तीन गोदामं वाचली. तीन नंबरचं छप्पर मात्र खाली आलं, आणि त्याच्याखालून मनकर्णाला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

मॅनेजर आसारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझे खटके होते म्हणून बाकीचं राहिलं बघ." ह्या माणसाची जीभ तरी कशी वळली देव जाणे. आसारामला ते ऐकूही गेलं नाही. तो भिंतीशी बसून एकच विचारत होता, मागलं दार उघडं होतं, मग माझी पोर आत का राहिली?

शेवटी बनुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमी समद्या निघालो, भाऊ. लई हाका मारल्या तिला. ती कळ दाबून हुबीच. म्हनली, तुमी व्हा पुढं. माज्या आबांनी बसवलीया, वाजल्याबिगर ऱ्हायची न्हाई."