ओळंबा आणि बारा खुंट्या

मी एक जुना ओळंबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला तुमचाही थोडा संशय येतो आहे. राग मानू नका. संशय घेणं हाच माझा धंदा. भिंत बांधताना गवंडी मला दोरीला बांधून वरून खाली सोडतो. मी सरळ लटकतो आणि भिंत माझ्या दोरीपासून कुठे लांब पळते, कुठे अंगावर येते, ते दाखवतो. आयुष्यात मी एकाही भिंतीवर पहिल्या नजरेत विश्वास ठेवला नाही.

माझा जन्म एका लेथच्या कारखान्यात झाला. पितळेचा तुकडा फिरत्या यंत्रात धरून कारागिराने मला कोरलं, वर रुंद आणि खाली टोकदार. मग मी एका दुकानात खिळ्याला टांगला गेलो. कित्येक गिऱ्हाइकं आली, बोटाने मला झोका देऊन गेली. शेवटी एक तरुण मिस्त्री आला. त्याने मला समोरून बघितलं, उलटं फिरवून बघितलं, शेजारी दुसरा ओळंबा टांगून दोन्ही दोऱ्या ताडून बघितल्या. दुकानदार वैतागला. "अहो, ओळंबा घ्यायला आलात की जावई बघायला?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "जावई चुकला तर एक घर बिघडतं. हा चुकला तर शंभर बिघडतील."

तिथेच आमचं जमलं. पुढची चाळीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून सगळ्या जगावर संशय घेतला. मिस्त्रींची एक सवय होती. कोणतंही माप एका बाजूने घेतलं की ते लगेच दुसऱ्या बाजूने घेत. "उलटून बघ," असं ते हाताखालच्या माणसांना दिवसातून पन्नासदा सांगत. एकदा तर कमरेएवढी उभी राहिलेली भिंत त्यांनी सुताएवढ्या फरकासाठी पाडायला लावली. ठेकेदार लालबुंद झाला, पण पुढे त्याच भिंतीकडे बोट दाखवून तो नव्या गवंड्यांना शिकवायचा. अशा वेळी मिस्त्री मला सदऱ्याला पुसून खिशात ठेवत, आणि मला फार बरं वाटे.

मग मिस्त्रींचे गुडघे गेले. बाजारात लाल उजेडाची रेघ मारणारी यंत्रं आली. त्या रेघेचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. जी रेघ हाताला लागत नाही, तिच्यावर भिंत कशी काय उभी करायची? पण मला कोण विचारतो! मी एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. सोबतीला गंजके खिळे, एक मोडका नळ आणि करवतीचं अर्धं पातं. अकरा वर्षं मी तिथे होतो. माझी दोरी कुजली. डबा हलला की खिळे मुद्दाम मला टोचतात, असा माझा पक्का समज झाला होता.

एके दिवशी झाकण उघडलं आणि मिस्त्रींच्या धाकट्या सुनेने मला बाहेर काढलं.

तिच्याबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा लांब पल्ल्याची गाडी चालवतो आणि महिन्यातून चार दिवस घरी असतो. ती सोळा वर्षं एका रोपवाटिकेत कामाला होती. पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, पाणी द्यायचं. झाडांची तिला खडान्‌खडा माहिती होती. लोकांच्या बागा आखून देण्याचं काम मात्र मालकीणबाई बाहेरच्या माणसांना देत. हिने ते काम मागितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला येतं ते मला माहीत आहे गं. पण गिऱ्हाइकाला काय दाखवू? कागद आण, काम तुझं." म्हणून हिने पर्माकल्चर डिझाइनच्या प्रमाणपत्रासाठी चौदा रविवारांच्या वर्गात नाव घातलं होतं.

पर्माकल्चर म्हणजे जागा अशी आखायची की पाणी, माती, झाडं, कोंबड्या आणि माणसं एकमेकांची कामं करतील आणि काहीच वाया जाणार नाही. ऐकायला छान आहे. ऐकायला छान असलेल्या गोष्टींचा मला जास्तच संशय येतो. वर्ग घेणाऱ्या बाईंना मी पाहिलं, तर त्यांच्या खिशात सहा रंगांच्या पेन्सिली. म्हटलं, झालं! ही चित्रकला चालली आहे.

पण बाई कडक निघाल्या. शेवटची परीक्षा कागदावर नव्हतीच. प्रत्येकाने आपल्या जागेत प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं. सुनेची जागा म्हणजे घरामागचा उतार. पावसाचं पाणी तिथून माती घेऊन सुसाट खाली जाई. तिने उताराला आडवा एक लांब चर आखायचं ठरवलं. चराचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीत ठेवायचा, म्हणजे पाणी पळत नाही, जागच्या जागी थांबतं आणि मुरतं. मग चराच्या कडेने फळझाडं लावायची.

उताराच्या खालच्या अंगाला तिच्या थोरल्या दिरांचं घर होतं, आणि जागा सामाईक होती. दीर माझ्यापेक्षा संशयी. "शिकण्याच्या नावाखाली सगळं पाणी माझ्या भिंतीत घालशील," ते म्हणाले. बरीच वादावादी झाल्यावर ते एका अटीवर कबूल झाले. भिंतीला थेंबभर जरी पाणी लागलं, तरी चर त्याच दिवशी बुजवायचा आणि पुन्हा फावड्याला हात लावायचा नाही. म्हणजे प्रमाणपत्रही गेलं आणि कामही गेलं.

समपातळी शोधण्यासाठी तिने घोडी बनवली. दोन लांब बांबू वर एकत्र बांधून खाली फाकवले, मध्ये एक आडवी पट्टी ठोकली आणि वरून मला नव्या दोरीने टांगलं. घोडीचे दोन्ही पाय एका पातळीत आले की माझी दोरी पट्टीवर एका ठरावीक जागी येते. ती जागा शोधायला घोडी एकदा सुलट आणि एकदा उलट, म्हणजे पायांच्या जागा बदलून, उभी करून दोन खुणा करायच्या. त्यांच्या बरोब्बर मध्ये जी रेघ येईल ती खरी. मिस्त्री खुर्चीवर बसून बघत होते. सुनेने न सांगता घोडी उलटून बघितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग आखणी सुरू झाली. मागचा पाय आधीच्या खुंटीपाशी, पुढचा पाय वरखाली सरकवून बघायचा, दोरी रेघेवर आली की तिथे खुंटी ठोकायची, आणि घोडी उचलून तशीच पुढे न्यायची. पहिल्या दिवशी तेरा खुंट्या झाल्या. पुढे जमीन भुसभुशीत होती. मागच्या पायाला खाली बांबूची रुंद गाठ होती, म्हणून तो तग धरे, पण पुढचा पाय मातीत रुतू लागला, म्हणून काम थांबलं.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली असताना मिस्त्री कण्हत कुंथत उठले. त्यांनी बोटभर जाडीचा एक रुंद लाकडी ठोकळा कापला, घासला आणि त्या पुढच्या पायाच्या तळाला ठोकून बसवला. संध्याकाळी सुनेने ते पाहिलं आणि ठोकळ्यावरून हात फिरवला. "बाबा, गुडघे दुखत असताना कशाला केलंत!" परीक्षा चार दिवसांवर होती. ती लगेच घोडी घेऊन गेली आणि अंधार पडायच्या आत उरलेल्या बारा खुंट्या ठोकून आली. पाय जरासुद्धा रुतला नाही.

माझी नजर त्या काळात भलतीकडेच होती. दीर रोज सकाळी चहाचा कप घेऊन उतारावर येत आणि खुंट्या बघत उभे राहत. एकदा तर ते सतराव्या खुंटीपाशी खाली वाकले. मी मागच्या पडवीत घोडीवर लटकत होतो, मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याच वेळी सूनही खिडकीतून बघत होती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे आम्ही दोघांनी ओळखलं.

परीक्षेच्या रविवारी चर खणून तयार होता. बाई आल्या, मिस्त्री खुर्चीवर बसले, दीर आपल्या भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे राहिले. सुनेने नळाची पाइप चरात सोडली. पाणी पहिल्या तेरा खुंट्यांपर्यंत शांतपणे गेलं. पुढे मात्र ते धावायला लागलं. शेवटच्या टोकाला जमलं, काठावरून सांडलं आणि पायवाटेने सरळ दिरांच्या भिंतीला जाऊन भिडलं.

"बघा! मी काय सांगत होतो?" दीर ओरडले. "बुजवा तो चर!"

सुनेने पाइप टाकून दिली. ती दिरांकडे वळली. "खुंट्या तुम्ही हलवल्यात, भावजी. मी स्वतः बघितलंय तुम्हाला वाकताना. तुम्हाला हे होऊच द्यायचं नव्हतं."

दीर चार पावलं पुढे आले. मग हळू आवाजात म्हणाले, "शेळीचा दोर अडकून एक खुंटी उपटली गेली होती. होती त्याच भोकात परत रोवली. तुझं काम वाया जाऊ नये म्हणून." आणि ते घरात निघून गेले.

मी मनात म्हटलं, थापा! पण बाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्या म्हणाल्या, "घोडी आणा." त्यांनी ती एकदा सुलट उभी केली, एकदा उलट केली, आणि दोन खुणांच्या मध्ये नवी रेघ मारली. नवी रेघ जुन्या रेघेपासून चांगली बाजूला पडली होती. मग त्यांनी घोडी आडवी करून पाय बघितले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मित्रांनो. ठोकळ्याने एक पाय बोटभर लांब झाला होता. मी सरळच लटकत होतो, पण पट्टीवरची रेघ त्या दिवसापासून खोटी झाली होती. तोच पाय दर वेळी पुढे, म्हणून दर खुंटीला चर बोटभर खाली गेला. बारा खुंट्यांना बारा बोटं, म्हणजे पुरी एक वीत. मी खिळ्यांवर संशय घेतला, लाल रेघेवर घेतला, बाईंच्या पेन्सिलींवर घेतला, दिरांच्या चहाच्या कपावरसुद्धा घेतला. मिस्त्रींनी मायेने ठोकलेल्या ठोकळ्यावर घ्यायचं मला सुचलं नाही. माझी मला लाज वाटली.

मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. "चूक माझी आहे, बाई," ते म्हणाले. "पोरीला नापास करू नका."

"नाही," सून म्हणाली. "ठोकळा मला दिसत होता. घोडी मी उलटून बघितली नाही. आणि भावजींवर खोटा आळ घेतला, तोही मीच."

बाईंनी प्रमाणपत्राचा कागद परत पिशवीत ठेवला. "पुढच्या रविवारपर्यंत वेळ देते. पण जागा सामाईक आहे. त्यांनी नाही म्हटलं, तर मी काही करू शकत नाही."

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मला घोडीवरून सोडलं आणि डब्यात टाकलं. "उद्या हे सगळं भंगारात दे," ते सुनेला म्हणाले, आणि जेवण न करताच आडवे झाले.

सून दुसऱ्या दिवशी दिरांच्या दारात गेली. डबा तिच्या हातात होता, म्हणून मी सगळं ऐकलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "भावजी, मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं. चर बुजवायचा असेल तर मी आज बुजवते."

दीर बाहेर येऊन ओल्या भिंतीकडे बघून आले. मग म्हणाले, "बुजवून माझी ओली भिंत वाळणार आहे का? पुन्हा आख. पण मी समोर असल्याशिवाय एक खुंटी ठोकायची नाही. माझा तुम्हा दोघांवर काडीचा विश्वास नाही."

मित्रांनो, हा माणूस मला त्या क्षणी मनापासून आवडला.

मग ती मिस्त्रींकडे आली आणि दोरी त्यांच्या पुढ्यात धरली. "बाबा, दोरी रेघेवर आली की नाही ते तुम्ही सांगायचं."

"माझ्या हातावर आणि डोळ्यावर आता विश्वास ठेवू नकोस."

"नाहीच ठेवणार. तुम्ही सांगा, मी उलटून बघेन."

मिस्त्रींनी दोरी हातात घेतली. मग चष्मा पुसायला घेतला.

त्या बारा खुंट्यांना अख्खी सकाळ लागली. ठोकळा तसाच ठेवला, पण रेघ नवी होती. दर खुंटीला दीर मिस्त्रींची खुर्ची उचलून पुढे नेत, मिस्त्री माझ्याकडे डोळे बारीक करून बघत, सून घोडी उलटी करून पुन्हा बघे, आणि तरी दीर म्हणत, "आणखी एकदा." पाचव्या खुंटीला तर बापलेकांचं असं वाजलं की सून घोडी धरून उभीच राहिली. शेवटी लेकाचं बरोबर निघालं. "गवंड्याचा मुलगा शोभतोस," मिस्त्री पुटपुटले. दिरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण खुर्ची पुढे नेताना ती फार सांभाळून ठेवली.

नव्या खुंट्यांप्रमाणे चर पुन्हा खणला आणि रविवारी पाणी सोडलं. ते चरभर पसरलं आणि उभं राहिलं. बाईंनी त्यात एक वाळकं पान टाकलं. पान तिथल्या तिथे तरंगत राहिलं. दिरांनी भिंतीवर तळहात फिरवला, हात कोरडा आला. बाईंनी कागद काढून सही केली. त्यावर फक्त सुनेचं नाव होतं, अमक्याची सून किंवा तमक्याची बायको असं काही नव्हतं. मिस्त्रींनी ते नाव दोनदा मोठ्याने वाचलं. सून रडली, आणि पुढच्या महिन्यात मालकीणबाईंनी पहिली बाग आखायला तिलाच पाठवलं.

मित्रांनो, मला ओल्या जागी ठेवू नका, माझी दोरी वेळच्या वेळी बदला, एवढं तर मी मागेनच. पण त्या संध्याकाळी डब्यात पडल्यावर मला काळजी माझी वाटत नव्हती. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ ठेवणारा माणूस एका ठोकळ्यापायी स्वतःलाच भंगारात काढत होता. तुमच्या घरात असं कोणी म्हातारं माणूस असेल आणि ते चुकलं, तर चूक झाकू नका. त्यांना तोंडावर सांगा, आणि दुसऱ्या दिवशी दोरी परत त्यांच्याच हातात द्या.