सगळ्यांना ऐकू आलं?

दिवेमावशीला खरं नाव होतं, पण ते आता फक्त दातांच्या दवाखान्यात पुकारलं जायचं. बाकी सगळ्यांना ती दिवेमावशी. दीपगृहाच्या गोष्टींची पुस्तकं लिहिणारी बाई दुसरीच होती. ही ती पुस्तकं एका बंद खोलीत माइकसमोर बसून मोठ्याने वाचायची, आणि ते वाचन घरोघर मुलांच्या कानात जाऊन बसायचं. जेवताना, गाडीत, ताप आलेला असताना. भाजीच्या दुकानात तिने ‘अर्धा किलो बटाटे’ म्हटलं तरी एखादं पोर दचकून मागे वळायचं.

गोष्टी साध्या होत्या. एक आईबापाविना मुलगी, एक उद्धट समुद्रपक्षी आणि दीपगृह सांभाळणारे दोघे जण. एकाला मुलगी ‘उंच’ म्हणायची, दुसऱ्याला ‘बुटका’. पाच पुस्तकं सुखात पार पडली. सहाव्यात वादळ आलं. बुटका होडी घेऊन गेला, रात्रभर परतला नाही, आणि सकाळी ओलाचिंब होऊन दारात उभा राहिला तेव्हा उंच त्याच्या गळ्यात पडून रडला. मुलीने विचारलं, तू एवढा का घाबरलास? तेव्हा उंचाने सांगितलं की आमचं दोघांचं लग्न झालंय, तू यायच्या आधीच.

एवढंच. पुढच्या पानावर पक्ष्याने मासे चोरले आणि गोष्ट मार्गाला लागली. पण प्रार्थनाघराचे खजिनदार त्या पानावरच थांबले.

ते एका संध्याकाळी मावशीच्या घरी आले. म्हणजे मामाच्या घरी. मावशी लहानपणी आईबरोबर तिथे राहायला आली ती तिथलीच झाली. खजिनदार माणूस सालस. पायपुसण्यावर बूट जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

“ताई, राग मानू नका. तुमच्या आवाजाबद्दल काही म्हणणं नाही. आवाज उत्तम.”

“मग कशाबद्दल आहे?”

“शाळेत ते सहावं पुस्तक वाचून दाखवलं म्हणे, आणि नातीने काल जेवताना विचारलं, आजोबा, दोन काकांचं लग्न होतं का? घास घशातच अडकला माझा.”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, पाणी दे.” त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. “ताई, ती सहा वर्षांची आहे. आपल्या धर्मात जे बसत नाही ते तिने एवढ्यात कशाला ऐकायचं? मी हरकत नोंदवतोय. मंडळींनी ठरवलं, तर आपल्या शाळेतून पुस्तक काढायचं. आणि तुम्ही त्याचं रेकॉर्डिंग कराल तेही घराघरांत नको.” मग खिडकीकडे वळून म्हणाले, “ज्येष्ठ, तुम्ही काय म्हणता?”

खिडकीशी मामा घड्याळाला चावी देत होता. मामा म्हणजे प्रार्थनाघराचा ज्येष्ठ. नजर गेल्यापासून तो घरातली सगळी घड्याळं चाचपून चावी द्यायचा, आणि घड्याळं पुष्कळ होती.

“हरकत आहे तर वाचन होईल,” मामा म्हणाला. “नियम आहे.”

तो नियम जुना होता. कुठल्याही मजकुराला विरोध करायचा, तर आधी तो मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. फार पूर्वी एका पत्रकावरून मंडळींमध्ये अशी जुंपली होती म्हणे, की निम्मी माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली, आणि मागाहून कळलं की पत्रक कुणीच वाचलेलं नव्हतं. तेव्हापासून वाचन. वाचून झालं की ज्येष्ठांनी विचारायचं, ‘सगळ्यांना ऐकू आलं?’ एकानेही ‘नाही’ म्हटलं, तर पुढच्या बैठकीला पुन्हा पहिल्यापासून. सगळे ‘आलं’ म्हणाले की मगच मतासाठी हात वर. एकदा कुणीतरी आरोग्यावरच्या एका जाडजूड ग्रंथाला हरकत घेतली होती. तो वाचता वाचता उन्हाळ्याचा हिवाळा झाला. मंडळींना पचनसंस्था तोंडपाठ झाली, आणि हरकत काय होती ते हरकत घेणाराच विसरला.

पूर्वी वाचन मामा करायचा. आता मावशी करायची.

“या वेळी दुसरं कुणी वाचलं तर?” खजिनदार गेल्यावर तिने विचारून पाहिलं. “माझंच पुस्तक, मीच वाचायचं, बरं दिसत नाही.”

“दुसरं कोण वाचणार? खजिनदार? तो स्वल्पविरामाला दम खातो आणि पूर्णविरामाला पळतो.”

विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी वादळाचं तेच प्रकरण रेकॉर्ड करायचं होतं. खोलीत जायच्या आधी मावशीने रोजच्याप्रमाणे एक केळं खाल्लं, कारण रिकाम्या पोटाची गुरगुर माइक सगळ्यांत आधी पकडतो. काचेपलीकडे कानसेन बसला होता. रेकॉर्डिंग करणारा हा गृहस्थ गाणं कधी गायला नाही, पण खालच्या मजल्यावरचा फ्रीज सुरू झाला की इथे हात वर करून सगळं थांबवायचा; त्यावरून हे नाव पडलं होतं.

मावशीची वाचायची एक पद्धत होती. ती आवाज बनवत नसे. वाक्य डोळ्यांखालून घालायचं, डोळे मिटायचे आणि तोंड उघडायचं. जो आवाज येईल तो त्या पात्राचा. समुद्रपक्षी तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या आवाजात बोलायचा, हे तिला ठाऊक होतं आणि त्याची तिला थोडी मजाही वाटायची. उंच आणि बुटका कुठून आले, हे तिने कधी तपासलं नव्हतं.

“थांब,” कानसेन म्हणाला. “हा बुटका कोण आहे?”

“कोण म्हणजे? बुटका. पाच पुस्तकं झाली आणि आज विचारतोस?”

“तसं नाही. तो खोकला. काही गमतीचं बोलायच्या आधी तो जरासा खोकतो ना, कडी वाजवल्यासारखा. मी इतके दिवस म्हणतोय, कुठे ऐकलाय, कुठे ऐकलाय. माझं मनगटी घड्याळ दुरुस्त करून देताना असेच खोकायचे ते. तुमच्या माडीवर राहायचे बघ.”

“काहीतरीच तुझं.”

“माझा कान आहे, बाई. आणि उंच बोलताना तू वाक्याच्या आधी जो श्वास घेतेस, तो कुणाचा, ते तूच सांग.”

तो श्वास मामाचा होता. वाचायला बसवून त्यानेच शिकवला होता: श्वास वाक्याच्या आधी घ्यायचा, वाक्यात नाही. मावशीने पाणी प्यायच्या निमित्ताने ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे तिला ओठाला लावल्यावर कळलं.

माडीवरच्या खोलीत घड्याळकाका राहायचे. भाडेकरू. मावशीच्या लहानपणापासून तिचे केस पांढरे व्हायला लागेपर्यंत भाडेकरूच. भाडं किती, हे कधी कुणी विचारलं नाही. दोन वेळचं जेवण खाली, संध्याकाळचा चहा खाली, आणि चहा पिता पिता काका खोकत काहीतरी टवाळी करायचे आणि मामा नाकातून ‘हं’ म्हणायचा. कुणाला वाटावं वैतागला. पण तो हसू दाबण्याचा त्याचा प्रकार होता. मावशीला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. जिन्याखालच्या कपाटासारखं होतं ते. रोज त्याच्यासमोरून जायचं, उघडायचं मात्र नाही. काका गेले तेव्हा प्रार्थनाघरातली माणसं भेटायला आली आणि म्हणाली, “चांगला भाडेकरू मिळणं कठीणच हो आजकाल.” मामा म्हणाला, “हो.” त्यानंतर त्याने माडीवरची घड्याळं एकेक करून खाली आणली.

आता हे प्रकरण प्रार्थनाघरात या दोन आवाजांत वाचलं, तर कानसेनने ओळखलं तिथे ती म्हातारी मंडळी ओळखणार नाहीत कशी? काकांनी त्यांच्यातल्या प्रत्येकाचं घड्याळ कधी ना कधी उघडलेलं होतं. आणि मामा समोर ज्येष्ठांच्या खुर्चीत बसलेला असणार, त्याला उठूनही जाता येणार नाही. मामाने जे जन्मभर झाकून ठेवलं ते भाचीने चारचौघांत उघडं करायचं, तेही त्यानेच शिकवलेल्या वाचनाने.

“आवाज बदलून बघते,” ती म्हणाली. तिने बुटक्याला घोगरा केला, मग बारीक केला.

“पोरं तुला फाडून खातील,” कानसेन म्हणाला. “आणि हा दुसरा तर सर्दी झालेला पोस्टमन वाटतोय.”

त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही. मावशीने मनाशी ठरवलं की प्रार्थनाघरात सपाट वाचायचं. रेडिओवर हवामान सांगतात तसं. मंडळींनी काय हात वर करायचे ते करावेत. पुस्तक शाळेतून जाईल, पण मामाची लाज राहील.

बैठकीच्या दिवशी बाकं भरलेली होती. मुलांना आणू नका असं कुणी सांगितलेलं नसल्यामुळे मुलंही होती, आणि खजिनदारांची नात पहिल्या बाकावर पाय हलवत बसली होती. मावशी वाचनाच्या मेजाशी उभी राहिली. हातभर अंतरावर मामा, दोन्ही हात काठीवर.

तिने सुरुवात केली. वादळ आलं, होडी गेली, दिवा विझला, सगळं एका पट्टीत. कुणीतरी जांभई दिली.

“आजोबा,” नात मोठ्याने म्हणाली, “ही खरी मावशी नाहीये.”

मागची बाकं हसली. खजिनदारांनी नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशी पुढे वाचायला लागली, तेवढ्यात मामाने काठी जमिनीवर टेकवली.

“थांब. असं वाचायला शिकवलं का मी तुला?”

“मामा, असंच बरं आहे.”

“काय बरं आहे? माणसं कुठे गेली त्यातली? मंडळींनी मजकूर ऐकायचाय, किराणा सामानाची यादी नाही. पहिल्यापासून घे. वाचतेस तसं वाच.”

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खिडकीच्या बाजूला होता, ऊन कुठून येतंय ते त्याला तेवढं कळायचं. ती हळूच म्हणाली, “मामा, नक्की?”

“वाच, बाळ.”

मग तिने वाक्य डोळ्यांखालून घातलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

वादळ आलं. मुलं बाकांच्या कडेला सरकली. उंच दीपगृहाच्या पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी त्याने श्वास घेतला. तिसऱ्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई मान वर करून आधी मावशीकडे आणि मग मामाकडे बघायला लागल्या, आणि नंतर त्यांनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. सकाळ झाली. बुटका दारात आला. उंच रडला. मुलीने विचारलं, उंचाने सांगितलं.

“‘मला माहीत होतं,’ मुलगी म्हणाली. ‘मला वाटलं, तुम्हालाच माहीत नाही.’”

पुढचं वाक्य बुटक्याचं होतं. मावशी बारीक खोकली, कडी वाजवल्यासारखी.

“‘आज हा सगळ्यांना सांगणार हे आधी कळलं असतं, तर मी इस्त्रीचा शर्ट घालून बुडालो असतो.’”

“हं,” मामा म्हणाला.

नाकातून, अर्धवट, रोजच्या चहाच्या वेळेसारखा. तो हुंकार सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला. मुलं बुटक्याच्या वाक्याला हसत होती. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बाईंनी पर्स बंद केली. मावशीने पक्ष्याने मासे चोरल्याचं पान घाईघाईत वाचून टाकलं आणि पुस्तक मिटलं.

मामा उठून उभा राहिला. रीत होती.

“सगळ्यांना ऐकू आलं?”

“आलं,” मंडळी म्हणाली. काहीजण जरा हळू म्हणाले, पण म्हणाले. खजिनदार मत मागायला अर्धे उठले.

“मला नाही आलं,” मामा म्हणाला.

खजिनदार तसेच राहिले, अर्धे उठलेले. “ज्येष्ठ, ताई तर तुमच्या शेजारी उभ्या राहून...”

“वय झालं माझं.”

मामाचे कान सगळ्यांना माहीत होते. डोळे गेल्यापासून तर तो दारातल्या बुटांच्या आवाजावरून माणसं ओळखायचा, मागच्या बाकावरची जांभई कुणाची तेही सांगायचा. खजिनदारांनी तोंड उघडलं, मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. ज्येष्ठ माणूस खोटं बोलतोय असं मंडळींत म्हणायचं कसं? आणि म्हटलं, तर त्याला काय काय ऐकू आलं, हेही म्हणावं लागलं असतं.

“पुढच्या बैठकीला पुन्हा,” ते म्हणाले आणि बसले. “पहिल्यापासून.”

घरी जाताना मामाने मावशीच्या कोपराला धरलं होतं.

“मामा, तुला माहीत होतं?”

“पहिल्याच पुस्तकात कळलं.”

“तू ऐकतोस ती पुस्तकं?”

“तू कामाला गेलीस की दिवसभर मी काय करतो असं वाटतं तुला? चाव्या देतो?”

“मग कधी बोलला नाहीस ते?”

“बोललो असतो तर बदलली असतीस.” तो फुटपाथच्या कडेशी थांबला, काठीने पायरी चाचपली आणि उतरला. “आणि एक. तो खोकला तू आधी घेतेस. तो आधी नाही खोकायचा. बोलून झाल्यावर खोकायचा, आपण हसतोय की नाही बघत बघत.”

थोडं पुढे गेल्यावर मावशीने आधी वाक्य म्हणून मग खोकून दाखवलं.

“अजून जरा थांबून,” मामा म्हणाला.

पुढच्या बैठकीला खजिनदार बसायला उशी घेऊन आले. त्यांची हरकत कायम होती, तसं त्यांनी उभं राहून सांगितलंही. मावशीने पहिल्यापासून वाचलं. नातीचे ओठ बरोबरीने हलत होते. बुटक्याने इस्त्रीच्या शर्टाचं वाक्य म्हटलं, जरा थांबला आणि मग खोकला, आणि ज्येष्ठांच्या खुर्चीतून वेळेवर उत्तर आलं.

मग मामा उठला आणि त्याने विचारलं, “सगळ्यांना ऐकू आलं?”

मंडळी म्हणाली, आलं. आणि सगळे मामाकडे बघत थांबले.