टोपणाखालचे थेंब

या यंत्रातून शीला म्हात्रेला मिळायचं होतं ते मोजून एवढं: रिपोर्टखाली स्वतःची सही आणि डॉक्टर चांगदेव सामंतांच्या डोंबिवलीतल्या लॅबमध्ये कायमची जागा. डॉक्टरांना मिळायचं होतं ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं काम. तिथले लोक शुक्रवारी चारला यंत्र बघायला येणार होते.

साल शहाण्णव. यंत्र घरीच बनवलेलं. क्षयाच्या जंतूचा अंश शोधायला नळ्या चाळीस वेळा तापवायच्या, चाळीस वेळा थंड करायच्या. काळुराम फिटरने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला भोकं पाडली, खाली छोटा हीटर, बाजूला पंखा बसवला. आतल्या थेंबभर पाण्याची वाफ टोपणाला धरू नये म्हणून वर गरम इस्त्री. आधी प्रत्येक नळीत पॅराफिन तेलाचा थरही असायचा. तो डॉक्टरांनी बंद केला. "पाहुण्यांसमोर तेलाच्या बाटल्या? भजी तळतोय का आपण?"

शुक्रवारी डोंबिवलीत वीज जायची, तशी अकराला गेली. ठोकळा आणि पंखा इन्व्हर्टरवर चालत राहिले. इस्त्रीचा भार त्याला पेलत नव्हता. शीलाने नळ्या काढल्या तेव्हा टोपणांखाली थेंब, तळ जवळजवळ कोरडे. मुद्दाम जंतूचा अंश घातलेल्या खात्रीच्या नळीतूनही काही उमटलं नाही.

"सर, खात्रीची नळीच फेल गेली. नमुना उरलाय थोडा. तेल घालून परत लावते, आठपर्यंत होईल."

"आणि चारला काय दाखवू, थंडगार इस्त्री? अगं, उमटलं नाही म्हणजे निगेटिव्ह. सही कर. हवी होती ना सही?"

शीलाने सही केली.

बाहेर बाकावर ठाण्याचा निकोलस बसला होता. बायको बिट्रिस नऊ दिवस हॉस्पिटलात. तिच्या मणक्यातलं पाणी तोच घेऊन आलेला.

"बाय, काय निघालं?"

"काही नाही निघालं."

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "मी तिला बोललेलो, तुला टीबी-बीबी काय नाय." जाताना सुक्या बोंबलांची पुडी टेबलावर ठेवून गेला.

शनिवारी शीलाने उरलेला नमुना तेल घालून लावला. ठळक पट्टी उमटली, म्हणजे क्षयच. तो निकाल घेऊन ती डॉक्टरांकडे गेली.

"कालच पसंत पडलेलं यंत्र आज खोटं ठरवायचं? ठेव ते."

तिने ठेवलं. फोन हाताशी होता, तोही तसाच राहिला.

रिपोर्ट वाचून तिकडे हॉस्पिटलात बिट्रिसची क्षयाची औषधं थांबवली होती. रिपोर्टनंतर अकराव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांना हॉस्पिटलचं काम मिळालं, शीला कायम झाली, काळुरामला आणखी एक ठोकळा करायला सांगितला. किंमत भरली बिट्रिसने. निकोलस अजून भरतोय, आणि कुणाच्या वाटची ते त्याला ठाऊक नाही.