गौरीच्या वाटेवरची शिट्टी

आधी शिट्टी ऐकू यायची, मग सुलोचनाबाई दिसायच्या. भाद्रपदातलं भात निसवायला लागलेलं, ऊन पिवळं आणि ओलसर, रानात किड्यांची एकसंध किरकिर. आणि ती सगळी शांतता चिरत आमच्या चामटोलीच्या बांधावरून ती पितळी शिट्टी यायची. आज इतक्या वर्षांनीही तेरडा फुलला की मला ती ऐकू येते आणि मस्तक फिरतं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. सुलोचनाबाई राहायच्या अंबरनाथला, कारखान्याच्या वसाहतीत. तिथल्या अधिकाऱ्यांच्या बायका आणि उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या काही सिंधी बायका जमवून त्या आमच्या गावात शिबिरं भरवत. बुरडाकडे टोपली विणायची, कुंभाराच्या मातीत हात घालायचे, रानातली पानंफुलं टीपकागदात दाबायची. कलाबोध, निसर्गबोध असे शब्द त्यांच्या ओठांवर सदैव खेळत. निमुळत्या बोटांनी त्या पानाच्या शिरा अशा हळुवार दाखवत, की बघणाऱ्याला वाटावं, किती मायेची बाई. माया नव्हती ती. ज्या वस्तूवर त्यांचं बोट पडे ती त्यांची होई, आणि ती आधी कुणाची होती हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

त्या साली गौर पूर्वा नक्षत्रावर येत होती. असा योग दरवर्षी नसतो, आणि तो आला तरच नवी सून पहिला ओवसा भरते. काकडी, फळं, दोडक्याची पानं यांनी भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळते. माझ्या वहिनीची सुपं तिच्या माहेरून, शिरगावहून आली होती. आमच्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. ती सुपं तिची होती. येताजाता ती त्यांच्यावरून हात फिरवत होती.

आमच्याकडे गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. कुमारिकेने तो ओढ्याकाठून आणायचा, तोही तोंडात पाण्याची चूळ धरून, म्हणजे वाटेत शब्द निघत नाही. त्या वर्षी ती कुमारिका मी होते. परतताना बांधावर शिट्टी वाजली आणि अख्खं शिबिर माझ्याभोवती गोळा झालं.

"काय गं, नाव काय या झाडाचं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. मी गप्प. त्या बायकांकडे वळल्या. "बघा, रोज पायाखाली येणाऱ्या झाडाचं नावही यांना सांगता येत नाही."

डोक्यावर पदर घेतलेली एक सिंधी बाई हळूच म्हणाली, "बहनजी, जाने दो. बच्ची के हाथ में पूजा का है."

"पूजा करायची तर आधी ओळख हवी," असं म्हणत त्यांनी तेरडा माझ्या हातातून ओढला, नखाने मूळ खुडलं, सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि टीपकागदात मिटलं. उरलेली काडी माझ्या हातात देऊन, पाण्याने फुगलेल्या माझ्या गालावर टिचकी मारून त्या पुढे गेल्या. ओरडले असते तर व्रत मोडलं असतं. नाही ओरडले, तर मूळ गेलं.

आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिची नजर थेट माझ्या हाताकडे गेली. "मूळ कुठं हाय हिचं?" ती म्हणाली. "बिनमुळाच्या गौरीला पयला ओवसा न्हाय भरता येत." दिवस कलला होता, आणि गौर काही दोनदा आणत नाहीत. वहिनीने सुपांतली काकडी काढली, पानं काढली आणि सुपं उलटी करून भिंतीला टेकवली.

पुन्हा तो योग आला तेव्हा वहिनी नव्हती; बाळंतपणात गेली होती. मूळ खुडलं म्हणून माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण तिच्या वाट्याला तो एकच दिवस होता, तो सुलोचनाबाईंच्या टीपकागदात वाळून गेला, आणि त्यासाठी मी त्यांना क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

आता त्याही नाहीत. वसाहतीत म्हणे थोर निसर्गप्रेमी म्हणून त्यांची आठवण काढतात. तोंडातलं पाणी मी त्याच संध्याकाळी अंगणाच्या कडेला टाकलं; मला त्यांना जे बोलायचं होतं ते मात्र, एवढा काळ ओसरला तरी, तोंडातच आहे, आणि ऐकायला आता समोर कुणी उरलेलं नाही.